सगळ्या टेस्ट बरोबर, तरी दगडी कोरल पुन्हापुन्हा मागे सरतात: लेदर सोबत असलेल्या टँकची तपासणी

तक्रार साधारण अशी असते. घरातला खाऱ्या पाण्याचा कोरल टँक दोन-तीन वर्षांचा, म्हणजे नवखा नाही. लेदर, झोआ, मशरूम हे मऊ अंगाचे सॉफ्ट कोरल भरभरून वाढलेत. त्यांच्याच सोबतीला चार-दोन दगडी, म्हणजे कठीण सांगाड्याचे, कोरल आहेत: एखादा हॅमर, एखादी मॉन्टिपोरा, हौसेनं आणलेला अॅक्रोपोराचा फ्रॅग, म्हणजे छोटा तुकडा. महिना-दीड महिना छान जातो. मग चार-पाच दिवसांत अॅक्रोपोराचे पॉलिप (कोरलाचे फुलासारखे बारीक जीव) आत ओढले जातात, बुडाकडून मांस सुटून पांढरा सांगाडा दिसू लागतो, हॅमर अर्धामुर्धाच फुलतो. टेस्ट करावी तर अल्कॅलिनिटी (पाण्याची आम्ल पेलण्याची ताकद) जागेवर, कॅल्शियम जागेवर, नायट्रेट जागेवर. घाबरून पाणी बदललं की आठवड्याभरात जरा बरं दिसतं. आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

माझ्या नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या घरी चार फुटी टँक आहे, संप (खालची फिल्टरची टाकी) धरून साधारण ३५० लिटर पाणी. सात महिन्यांत तीन वेळा माझ्याकडे हेच झालं. तिसऱ्या वेळी जांभळ्या टोकांचा एक अॅक्रोपोरा पूर्ण गेला. बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यापासून तो दोन वर्षं वाढवला होता, म्हणून ते मनाला फार लागलं. पहिल्या वेळेनंतरच मी एक साधी शंभर पानी वही घातली होती आणि टेस्टच्या आकड्यांशेजारी टँकमध्ये काय घडलं तेही लिहीत होतो. कोण उघडं, कोण बंद, कुणाला हलवलं, कुणाला कापलं, पाणी शुद्ध करणारा कार्बन (कोळसा) कधी बदलला. उत्तर त्या वहीतून मिळालं, टेस्ट किटमधून मिळालं नाही. ते किटमधून मिळणारही नव्हतं, कारण जे पाण्यात होतं ते मोजणारी किट आपल्याला कुठल्याच दुकानात मिळत नाही.

पण एकदम तिथे उडी मारू नका. ज्या क्रमानं मी शंका काढत गेलो, त्याच क्रमानं जा.

आधी उन्हाचा हिशेब

नागपुरात टँक बिघडला की प्रत्येक जण पहिल्यांदा उन्हाकडे बोट दाखवतो, आणि ते चूक नाही. पाणी २५ ते २७ अंशांत असावं. २९ च्या वर काही दिवस राहिलं तर दगडी कोरल आपल्या आतली शैवालं बाहेर टाकायला लागतात आणि पांढरे पडतात. मात्र हे लक्षण वेगळं आहे. उष्णतेनं पांढरा पडलेला कोरल जिवंत असतो. मांस जागेवर असतं, फक्त रंग गेलेला असतो, काचेसारखं आरपार दिसतं. आपल्या तक्रारीत मांसच सुटतं. भिंग घेऊन बघा, फरक लगेच कळेल.

आणखी एक गोष्ट, जी मला दोन उन्हाळे गेल्यावर कळली. माझा टँक नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) जितका तापत नाही, तितका जूनच्या शेवटी तापतो. कारण माठाचं आहे. मे महिन्यात बाहेर ४४ अंश असले तरी हवा कोरडी असते, म्हणून माठातलं पाणी गार होतं. पावसाळा लागला की तोच माठ काम करेनासा होतो. पाण्यावर पंखा लावून आपण टँक गार ठेवतो तेही हेच तत्त्व. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर बाष्पीभवनानं पाणी तत्त्वतः २३-२४ अंशांपर्यंत उतरू शकतं. ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर २९ च्या खाली ते जाऊच शकत नाही. त्यात टँकच्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालू असेल तर मे महिन्यातच खोलीत पावसाळा होतो आणि पंखा निकामी ठरतो. कूलर दुसऱ्या खोलीत हलवा किंवा टँकला चिलर लावा. दोन्ही सोबत चालवून पंख्याकडून अपेक्षा ठेवू नका.

उन्हाचा दुसरा फटका खारटपणाला बसतो. पंखा लावलेल्या माझ्या टँकमधून मे महिन्यात दिवसाला आठ-दहा लिटर पाणी उडतं. मीठ उडत नाही. ३५० लिटरमधून १० लिटर कमी झाले की दर हजारी ३५ चा खारटपणा ३६ वर जातो, आणि संध्याकाळी ऑफिसातून येऊन आपण ते दहा लिटर एकदम ओतले की तो झटक्यात परत ३५ वर येतो. लेदर हे सहन करतं, अॅक्रोपोरा नाही. त्यामुळे उडालेलं पाणी आपोआप भरणारा स्वयंचलित टॉप-अप हवाच, आणि तो आरओ-डीआयच्या, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याचाच हवा. नळाचं पेंचचं पाणी पिण्याला उत्तम, पण ते रोज दहा लिटर ओतत गेलं तर त्यातले क्षार टँकमध्ये साठत जातात. बोअरच्या पाण्याचं तर नावच नको. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य न करता ३५ च्या द्रावणावर जुळवून घ्या, तेही द्रावण आणि यंत्र दोन्ही खोलीच्या तापमानाला आल्यावर.

माझ्याकडे तिन्ही झटके आले ते फेब्रुवारी, एप्रिल आणि ऑगस्टमध्ये. तापमानाच्या नोंदी सरळ होत्या. म्हणजे ऊन निर्दोष सुटलं.

मग रात्री टॉर्च घेऊन बसा

दगडी कोरल गरीब दिसतात, पण तसे ते नाहीत. दिवे बंद झाल्यावर तासाभरानं टँकसमोर बसा, टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा आणि बघा. हॅमर, टॉर्च नावाचा कोरल, फ्रॉगस्पॉन या यूफिलिया मंडळींचे काही तंतू रात्री लांबलचक होऊन झाडूसारखे फिरतात, वीतभर सहज पोचतात. गॅलॅक्सिया त्याहून लांब, फूटभरापर्यंत. फेविया, अॅकॅन्थस्ट्रिया यांची तऱ्हा निराळी: शेजाऱ्याला स्पर्श झाला की ते पोटातले पाचक तंतूच बाहेर काढून त्याच्यावर पसरतात आणि त्याला जागच्या जागी पचवतात. ज्युडिथ लँग या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅरिबियन कोरलांमध्ये हे नीट तपासून मांडलं, तोवर दगडी कोरल एकमेकांशी असं लढतात याची फारशी कल्पना नव्हती.

अशी अंगाला अंग लागून झालेली जखम ओळखायला सोपी असते. ती एकाच बाजूला असते, शेजाऱ्याकडे तोंड केलेली. दुसरी बाजू ठणठणीत. उपाय म्हणजे अंतर. यूफिलियाभोवती वीसएक सेंटिमीटर, गॅलॅक्सियाभोवती तीस, आणि वाढीला जागा धरून. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन बहुधा एकमेकांना चालतात. टॉर्च कोरल त्यांच्यात बसवू नका, तो बहुतेक वेळा दोघांनाही भाजतो.

आता माझ्या टँकमधली जखम बघा. अॅक्रोपोरा बुडाकडून चारही बाजूंनी सुटत होता. त्याच आठवड्यात त्याच्यापासून दोन फुटांवरच्या मॉन्टिपोराची कड फिकट पडली होती आणि टँकच्या दुसऱ्या टोकाला हॅमर मिटला होता. तीन वेगळ्या जागा, तीन वेगळ्या जाती, एकच आठवडा. कुणाच्याही तंतूंची एवढी पोच नसते. एकाच वेळी सगळ्यांपर्यंत पोचणारी गोष्ट म्हणजे पाणी.

वहीत काय सापडलं

माझ्या टँकच्या मधोमध एक टोडस्टूल होतं, सार्कोफिटॉन जातीचं लेदर. आणलं तेव्हा वाटीएवढं, तीन वर्षांत ताटाएवढं झालेलं. घरातल्यांचं सगळ्यात आवडतं. टोडस्टूलची एक सवय ज्यांच्याकडे ते आहे त्यांना माहीत असेल: मधूनमधून ते पॉलिप आत ओढून घेतं, अंग चकचकीत मेणासारखं दिसतं, आठवडाभर तसंच रुसून बसतं आणि मग वरचा पातळ पापुद्रा सोडून पुन्हा फुलतं. अंगावर बसलेली शैवालं आणि घाण झटकायची ही त्याची रीत आहे. आजार नाही.

वहीत १२ एप्रिलला लिहिलं होतं, 'टोडस्टूल बंद'. १७ ला, 'पापुद्रा सुटला, वेव्हमेकरनं (लाटा करणाऱ्या पंपानं) तुकडे सगळीकडे'. २० ला, 'अॅक्रोचे पॉलिप आत'. ऑगस्टचं पान उलटलं तर तसंच: आधी लेदर बंद, मग पापुद्रा, मग तीन-चार दिवसांत दगडी कोरलांची पडझड. फेब्रुवारीत वही नव्हती, पण मोबाइलमधले फोटो होते. तारीखवार लावले आणि तिथेही टोडस्टूल मिटलेलं सापडलं. दोन महिने मी अल्कॅलिनिटीचे थेंब मोजत होतो आणि कारण टँकच्या मधोमध उभं होतं.

सॉफ्ट कोरलांना दगडाचं घर नाही, लांब डंख नाहीत. त्यांच्या बचावाचं साधन रासायनिक आहे. सार्कोफिटॉन, सायन्युलेरिया, लोबोफायटम या लेदरांच्या अंगात टर्पीन गटातली विषारी संयुगं असतात. निलगिरीच्या तेलाला, कडुलिंबाला जो उग्र वास किंवा कडूपणा असतो तो ज्या रासायनिक कुळातून येतो, त्याच कुळातली ही. बहुतेक मासे त्यांना खात नाहीत ते यामुळे, आणि शेजारचा दगडी कोरल वाढत नाही तेही यामुळे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर सामार्को, कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॉफ्ट कोरल उचलून दगडी कोरलांच्या शेजारी नेऊन ठेवले आणि काय होतं ते पाहिलं. १९८३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. काही जोड्यांमध्ये दगडी कोरलाचं मांस मेलं, आणि अंगाला अंग न लागताही नुकसान झाल्याचं त्यांना दिसलं.

समुद्रात हे विष सुटलं तरी लाट ते घेऊन जाते. आपल्याकडे लाट कुठे नेणार? माझे वेव्हमेकर आणि रिटर्न पंप मिळून तासाला आठ हजार लिटर पाणी फिरवतात. ३५० लिटरच्या टँकमध्ये याचा अर्थ तेच पाणी तासाला वीसहून जास्त वेळा लेदरवरून जाऊन अॅक्रोपोरावर येतं. म्हणून 'लेदर एका टोकाला, एसपीएस (अॅक्रोपोरा-मॉन्टिपोरासारखे बारीक पॉलिपचे दगडी कोरल) दुसऱ्या टोकाला ठेवा' हा सर्रास मिळणारा सल्ला अर्धाच उपयोगाचा आहे. अंतर डंखाचं भांडण सोडवतं. पाण्यातलं भांडण अंतरानं सुटत नाही.

कार्बन लावून खात्री कशी करायची

माझ्या शंकेला पुरावा हवा होता. तो स्वस्तात मिळतो. चांगला अॅक्टिव्हेटेड कार्बन या संयुगांना धरून ठेवतो. तेव्हा बाकी काही न बदलता फक्त ताजा कार्बन लावा आणि तीन दिवस बघा. 'बाकी काही न बदलता' हे फार महत्त्वाचं. पाणी बदललं, डोसिंग बदललं, दिवा कमी केला आणि कार्बनही लावला, तर सुधारणा कशानं झाली ते कधीच कळणार नाही आणि दोन महिन्यांनी तुम्ही पुन्हा इथेच उभे असाल.

माझं प्रमाण १०० लिटरला ५० ग्रॅम. कार्बन आधी आरओच्या पाण्यात धुवा, काळं पाणी यायचं थांबेपर्यंत. मग जाळीच्या पिशवीत घालून संपमध्ये अशा जागी अडकवा की पाणी पिशवीतून जाईल, बाजूनं निसटणार नाही. रिअॅक्टर (कार्बनमधून पाणी ढकलणारं भांडं) असेल तर उत्तमच. पिशवी नुसती कोपऱ्यात पडून असेल तर ती काही करत नाही. दगडी कोळशापासून केलेला कार्बन अशा मोठ्या रेणूंना बरा. नारळाच्या करवंटीच्या कार्बनची छिद्रं बारीक असतात, तो पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरला जास्त शोभतो. हातात करवंटीचाच असेल तर तोच लावा, काहीच न लावण्यापेक्षा कितीतरी चांगला. मात्र नवीन पाकीट असेल तर चमचाभर कार्बन वाटीभर आरओ पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी त्या पाण्याची फॉस्फेट टेस्ट करा. काही स्वस्त कार्बन फॉस्फेट सोडतात.

ज्यांच्या टँकला कित्येक महिने कार्बन नव्हता त्यांनी पहिल्यांदा निम्म्याच प्रमाणात सुरुवात करावी आणि दिव्याची तीव्रता आठवडाभर पंधरा-वीस टक्के उतरवावी. कार्बन पाण्यातला पिवळेपणाही काढतो, पाणी एकदम स्वच्छ होतं आणि कोरलांवर आधीपेक्षा बराच जास्त उजेड पडतो. आधीच अशक्त झालेला अॅक्रोपोरा त्यानंच पांढरा पडतो, आणि माणूस म्हणतो कार्बननं मारला.

रोज एकाच वेळी, दिवे लागून तीन तास झाल्यावर, एकाच जागेवरून फोटो काढा. ४८ ते ७२ तासांत पॉलिप बाहेर यायला लागले, मांस सुटायचं थांबलं, हॅमर फुगला, तर उत्तर मिळालं. माझ्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॅमर पूर्ण उघडा होता. मॉन्टिपोराला कडेची नवी पांढरी रेघ, म्हणजे वाढीची रेघ, यायला तीन आठवडे लागले.

आठ दिवसांत काहीच फरक नाही? मग कारण दुसरीकडे आहे, लेदरला उगाच काढू नका. अल्कॅलिनिटी सलग सात दिवस एकाच वेळी मोजा. आठवड्यातून एकदा मोजलेली ८.५ डीकेएच (अल्कॅलिनिटीचे अंश) ही दोन दिवस आधी ७ आणि दोन दिवस नंतर १० असू शकते. नायट्रेट-फॉस्फेट शून्याला टेकलेले आणि अल्कॅलिनिटी १० च्या वर असेल तर अॅक्रोपोराची टोकं जळतात. बूड सुटणं वेगळं, टोक जळणं वेगळं. मॉन्टिपोरा उलटी करून खालची बाजू भिंगानं बघा, तिथे तांदळाच्या कणीएवढे पांढरे, झुबकेदार पाठीचे जीव दिसले तर ते तिला खाणारे न्यूडिब्रँक, म्हणजे बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी, आहेत. अॅक्रोपोरावर गोल चावे आणि बुडाशी तपकिरी अंड्यांचे ठिपके दिसले तर चपटे किडे. आणि पावसाळ्यानंतर डासांसाठी गल्लीत धूरफवारणीची गाडी येते तेव्हा खिडक्या लावून घ्या, स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) तासभर बंद ठेवा. स्किमर खोलीतली हवा ओढून बारीक बुडबुड्यांनी थेट पाण्यात मिसळतो. हवेतलं कीटकनाशक टँकमध्ये न्यायला त्याहून सोपा रस्ता नाही.

कापाकापीबद्दल

हे वेगळं लिहितो, कारण मनीषनगरच्या एका पोराच्या टँकमध्ये हाच घोटाळा होता. तो बिचारा अगदी रडकुंडीला आला होता.

"काका, काऊन असं होऊन राहिलं? सगळ्या टेस्ट तं बरोबर येऊन राहिल्या."

"लेदर बंद झालं होतं का मधात?"

"नाही जी. उलट लई वाढलं होतं, म्हणून रविवारी कापलं."

"कुठे कापलं?"

"टँकमधीच. कात्री घातली अन् कापलं."

कापलेल्या लेदरमधून जो चीक आणि चिकट पदार्थ सुटतो, तो पापुद्र्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. लेदर कधीही टँकमध्ये कापू नये. दगडासकट बाहेर काढून टँकच्याच पाण्याच्या बादलीत कापा. मग दुसऱ्या बादलीत हलवून धुवा, तासभर तिसऱ्या बादलीत हवा सोडून ठेवा, आणि तो सगळा चीक तिथे सुटल्यावर परत टँकमध्ये ठेवा. बादल्यांमधलं पाणी फेकून द्या, एक थेंबही परत घालू नका. त्याच दिवशी टँकला ताजा कार्बन.

झोआ कापत असाल तर हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घातल्याशिवाय हात लावू नका. झोआ आणि पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं. माणसाला ठाऊक असलेल्या सगळ्यात जहाल विषांपैकी ते एक आहे. जखमेतून, डोळ्यांतून, वाफेतून ते शरीरात जातं. झोआ असलेला दगड उकळत्या पाण्यात टाकून किंवा गरम पाण्याचा फवारा मारून साफ करू नका. अशा वाफेनं घरातली अख्खी कुटुंबं दवाखान्यात गेल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. घरात लहान मूल असेल तर झोआ कापायचं काम गच्चीवर करा.

कायमचा बंदोबस्त

मी टोडस्टूल काढलं नाही. घरातल्या कुणी काढू दिलं नसतं, आणि मलाही ते हवं आहे. पण त्याच्या मर्जीवर टँक सोडलेलाही नाही.

कार्बन आता कायम असतो, पण थोडा आणि वारंवार: दर दहा दिवसांनी निम्मा बदलतो, म्हणजे टँकमध्ये कधीच पूर्ण थकलेला कार्बन नसतो. टोडस्टूल मेणचट दिसायला लागलं की दहा दिवसांची वाट बघत नाही, त्याच दिवशी सगळा नवा घालतो. पापुद्रा सुटायला लागला की वेव्हमेकरचा झोत थोडा त्याच्याकडे वळवतो, म्हणजे तो लवकर सुटतो, आणि सुटलेले तुकडे नळीनं ओढून बाहेर काढतो. स्किमर त्या आठवड्यात जरा ओला चालवतो, म्हणजे फेस जास्त पातळ निघू देतो. नंतर २० टक्के पाणी बदलतो. एवढ्यानं मागच्या चार पापुद्र्यांमध्ये एकही दगडी कोरल मागे सरलेला नाही.

झोआ, मशरूम आणि ग्रीन स्टार पॉलिप यांच्यासाठी वाळूत सुट्या दगडांची वेगळी बेटं केली. ते विषापेक्षा पसरण्यानं त्रास देतात, मुख्य दगडावर एकदा चढले की उतरत नाहीत. बेटाभोवती चार इंच मोकळी वाळू ठेवली तर त्यांना ओलांडता येत नाही.

पोषकांच्या बाबतीत दोघांची आवड जुळत नाही असं म्हणतात, पण मधला रस्ता चांगला रुंद आहे. नायट्रेट ५ ते १० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम यात लेदरही खुश असतं आणि मॉन्टिपोराही. अॅक्रोपोरासाठी म्हणून दोन्ही शून्यावर नेण्याचा अट्टाहास करू नका, त्यानं सॉफ्ट कोरल आक्रसतात आणि वर डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म जीवांचा तपकिरी चिकट थर येतो तो वेगळाच. अल्कॅलिनिटी ८ ते ९, कॅल्शियम ४२० पीपीएमच्या आसपास, मॅग्नेशियम १३०० पीपीएम. ही तिन्ही मुख्यतः दगडी कोरलच वापरतात, तेव्हा ते वाढतील तसा डोस वाढवावा लागतो. अल्कॅलिनिटीला किराणा दुकानातला खाण्याचा सोडा चालतो, बेकिंग पावडर नाही. १०० लिटरला ३ ग्रॅम सोड्यानं ती साधारण एका अंशानं चढते. दिवसात याहून जास्त चढवू नका. पानाचा चुना मात्र चालवू नका. त्यात आणखी काय मिसळलेलं असतं याचा भरवसा नाही.

आणि माझं स्पष्ट मत: २०० लिटरच्या आतला टँक असेल तर मोठं लेदर आणि अॅक्रोपोरा यांतलं एकच निवडा. एवढ्या पाण्यात कार्बन एक आठवडा चुकला तरी भोगावं लागतं, आणि लग्नसराईत, परीक्षांच्या दिवसांत, गावाला गेल्यावर तो आठवडा चुकतोच. झोआ, मशरूम, हॅमर आणि मॉन्टिपोरा एवढी मंडळी लहान टँकमध्ये सुखानं राहतात आणि टँक अजिबात रिकामा वाटत नाही. मनीषनगरच्या पोराचा टँक १५० लिटरचा आहे. त्याला मी हेच सांगितलं. त्यानं आठ दिवस विचार केला आणि लेदर माझ्याच मोठ्या टँकमध्ये आणून ठेवलं. आता दर रविवारी बघायला येतो.

नवा दगडी कोरल घेताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे दगडी कोरल आहेत, समुद्रपंखेही आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. मालवणहून, लक्षद्वीपहून, अंदमानहून 'एक छोटासा तुकडा' आणणं हा गुन्हा आहे, आणि तिथल्या रीफची आधीच काय अवस्था आहे ते बघता पापही. परदेशी कोरल शेतीतला म्हणून कुणी विकत असेल तर आयातीचे कागद मागा, आणि आपल्याला तो ठेवता येतो का, नोंदणी काय लागते, हे पैसे देण्याआधी वनविभागाला विचारा. राज्याच्या वनविभागाचं मुख्यालय आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये आहे, वनभवनात. कागद नाहीत असं उत्तर आलं तर दुकानातून बाहेर पडा. मी स्वतः गेल्या दोन वर्षांत एकही नवा दगडी कोरल घेतलेला नाही.

परवा गुरुवारी टोडस्टूल पुन्हा मिटलं. वहीत लिहिलं, कार्बन बदलला, दोन बादल्या आरओ पाणी मीठ घालून फिरायला ठेवलं. आज सकाळी पापुद्रा सुटायला लागलाय. मॉन्टिपोराचे पॉलिप बाहेर आहेत.